हद्दीपलीकडून येणारे जनावरांचे आजार : पालघरच्या पशुपालकांनी काय ओळखायचे, कुणाला कळवायचे

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस, कोरोनाची धास्ती भरात असताना, पालघर जिल्ह्यात एका वेगळ्याच तापाबद्दल सावधगिरीचा इशारा देण्यात आला होता. गुजरातच्या काही भागात काँगो ताप आढळला होता. वलसाड जिल्हा आपल्याला खेटून असल्याने तो इकडे येऊ शकतो, म्हणून पशुपालक, मटण विक्रेते आणि पशुसंवर्धन विभागाच्या कर्मचाऱ्यांनी खबरदारी घ्यावी, असे त्यात म्हटले होते. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये पालघरच्या शासकीय कुक्कुटपालन केंद्रातल्या कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या आणि शहरातली चिकनची दुकाने २१ दिवस बंद ठेवावी लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तोच रोग वसई-विरार भागात दिसला. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता लम्पी आला आणि राज्यातल्या बाधित जिल्ह्यांच्या यादीत पालघरचेही नाव लागले.

दोन वर्षांत तीन आजारांची नावे गावोगाव पोहोचली. या तिन्हींपैकी एकही आजार मूळचा आपल्या जिल्ह्यातला नाही. असे आजार येतात कसे, ओळखायचे कसे आणि गोठ्यात संशय आला तर पहिल्या दिवशी काय करायचे, याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख.

सीमापार रोग म्हणजे काय?

जनावरांचे काही आजार एका गोठ्यापुरते राहतात. पोटफुगी झाली, विषबाधा झाली, तर नुकसान त्याच मालकाचे. काही आजार मात्र एका मुलखातून दुसऱ्या मुलखात झपाट्याने पसरतात, आणि त्यांना आवरायला एका जिल्ह्याचे किंवा एका देशाचे प्रयत्न पुरत नाहीत. शेजाऱ्यांनी मिळूनच काम करावे लागते. लाळ्या-खुरकूत, लम्पी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर आणि बर्ड फ्लू हे या गटातले मुख्य आजार. काँगो ताप हा जनावरांकडून माणसाला होणारा आजारही हद्दी ओलांडून फिरतो, म्हणून त्याचाही विचार इथेच करायला हवा.

हा प्रश्न किती जुना आहे, त्याचे उदाहरण पाहा. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि तिथून बुळकांडीचा रोग त्या देशात पसरला. त्या धक्क्यातून २८ देश एकत्र आले आणि जानेवारी १९२४ मध्ये पॅरिसला जागतिक पशुआरोग्य संघटना स्थापन झाली. कुठल्या देशात कोणता पशुरोग सुरू आहे हे इतरांना वेळेत कळवणे, हे तिचे पहिले काम. शंभर वर्षांनंतरही मुद्दा तोच आहे : रोग कळायला उशीर झाला, की तो पुढे निघून जातो.

पालघरला धोका जास्त का?

जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की उत्तर मिळते. तलासरी तालुक्याची हद्द एकीकडे गुजरातच्या उंबरगावला आणि दुसरीकडे दादरा-नगर हवेलीला भिडते. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि पश्चिम रेल्वे जिल्ह्याच्या अंगावरून जातात. दापचरीला तपासणी नाका आहे, पण तिथे गाड्या थांबतात. गोचीड आणि माशी थांबत नाही. शिवाय झाई-बोर्डीकडचा किनारी रस्ता, उधव्याहून सिल्वासाकडे जाणारा रस्ता आणि पाड्यापाड्यांतल्या पायवाटा आहेतच. हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच घरची सोयरीक असते. लेकीकडून शेळी आली, मामाकडून कोंबडा आला, याची नोंद कुठल्याच नाक्यावर होत नाही.

बोईसर-तारापूरचा पट्टा वेगळ्या कारणाने नाजूक आहे. औद्योगिक वसाहतीमुळे इथे दाट वस्ती आहे, त्यामुळे दूध, मटण आणि चिकनची मागणी मोठी. कोंबड्या आणि बोकड भरलेल्या गाड्या बाहेरून येतात. गाडीची जाळी, पिंजरे, टायर, हमालाच्या चपला या सगळ्यांवरून विषाणू प्रवास करू शकतो. त्याच गाड्या परत जाताना आसपासच्या गावांत थांबतात. गावातली मोकाट गुरे आणि गोठ्यातली गुरे एकाच डबक्यावर पाणी पितात.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातून दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. काही जण घरच्या शेळ्या-कोंबड्याही सोबत नेतात आणि पावसाच्या तोंडावर परत आणतात. बैल घ्यायचा तर लोक लांबच्या बाजाराला जातात; मुरबाड तालुक्यातल्या म्हसा यात्रेचा बैलबाजार तर प्रसिद्धच आहे. यात कुणाची चूक नाही. आपली शेती आणि जगणे असेच चालते. म्हणूनच वाटा बंद करण्यापेक्षा त्या वाटांवर लक्ष ठेवणे महत्त्वाचे.

ओळखा हे पाच आजार

*लम्पी चर्मरोग.* हा गाई-बैलांचा विषाणूजन्य आजार. म्हशींमध्ये कमी दिसतो. पहिली नोंद १९२९ मध्ये आफ्रिकेतल्या झांबियात झाली. अनेक दशके आफ्रिकेत राहून तो पश्चिम आशियात आला. भारतात २०१९ मध्ये ओडिशात सापडला. २०२२ मध्ये कच्छ आणि राजस्थानात त्याने हाहाकार केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात तो दिसला.

लक्षणे : आधी ताप, डोळ्या-नाकातून पाणी, चारा कमी. मग मान, डोके, पाय, कास अशा ठिकाणी १ ते ५ सेंटिमीटरच्या घट्ट गोल गाठी. काही जनावरांचे पाय सुजतात, ते लंगडते. दूध घटते, गाभण गाय गाभडू शकते. चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड यांच्यामार्फत तो मुख्यतः पसरतो, म्हणून पावसाळा व त्यानंतरचे दिवस धोक्याचे. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जनावरे बरी होतात. वासरे आणि संकरित गाई जास्त नाजूक.

लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून घेतले की वापरायला हरकत नाही. २०२२ मध्ये अफवांमुळे दूध ओतून देण्याची वेळ काहींवर आली, तसे करण्याचे कारण नव्हते.

*लाळ्या-खुरकूत.* जुन्या माणसांना हा रोग सांगायला नको. तोंडातून तारेसारखी लाळ, जिभेवर आणि हिरड्यांवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, सगळ्यांना होतो. मोठी जनावरे सहसा मरत नाहीत, वासरे मात्र दगावतात. खरे नुकसान कामाचे. चिखलणीच्या आठवड्यात बैलाच्या खुरात जखम झाली, तर आवण तयार असूनही लावणी अडते. भाड्याचा ट्रॅक्टर परवडत नाही आणि डोंगरउताराच्या खाचरात तो जातही नाही. हा विषाणू थेट संपर्काने, चाऱ्या-पाण्यातून, कपड्यांवरून आणि जवळच्या अंतरात हवेतूनही पसरतो.

*पीपीआर.* शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. जोराचा ताप, नाकातून घट्ट शेंबूड, डोळ्यांना चिपडे, तोंडात व्रण, दुर्गंधीयुक्त हगवण, मग धाप. कळपात शिरला तर करडे पटापट मरतात. भारतात हा १९८७ मध्ये तामिळनाडूत पहिल्यांदा ओळखला गेला. एकदा लस टोचली की सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते. २०३० पर्यंत जगातून हा रोग संपवायचे उद्दिष्ट ठरले आहे.

*बर्ड फ्लू.* भारतात पाळीव कोंबड्यांमध्ये हा पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये सापडला तो नवापूरला. बोईसरजवळचे आपले नवापूर नव्हे, नंदुरबार जिल्ह्यातले, गुजरातच्या हद्दीवरचे. तेव्हा तिथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि रोग पलीकडे गुजरातमध्येही सापडला. लक्षणे : एकाएकी मोठ्या संख्येने मरतूक, तुरा-कल्ला निळसर पडणे, डोक्याला सूज, अंडी एकदम घटणे. परसातल्या पाच-दहा गावठी कोंबड्या दोन दिवसांत मेल्या तरी तो संशय समजायचा. शेड असलीच पाहिजे असे नाही. खाड्यांवर येणारे स्थलांतरित पक्षी हा विषाणूचा एक वाहक, पण दूषित पिंजरे, खाद्याच्या गोण्या आणि गाड्या हाही मोठा मार्ग आहे. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. नीट शिजवलेले चिकन आणि अंडी खायला हरकत नाही. ७० अंश सेल्सिअसवर हा विषाणू मरतो.

*काँगो ताप.* इथे गोष्ट उलटी आहे. जनावराला काहीच होत नाही, ते धडधाकट दिसते, आजारी पडतो तो माणूस. ठरावीक जातीच्या गोचिडांतून हा विषाणू गाय, म्हैस, शेळी, मेंढीच्या रक्तात जातो. गोचीड चावल्याने किंवा बाधित जनावर कापताना रक्ताशी संपर्क आल्याने तो माणसात येतो, आणि रुग्णाच्या रक्तातून व स्रावांतून दुसऱ्या माणसाला होतो. भारतात जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या रुग्णांमध्ये तो सिद्ध झाला. तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केली. अचानक ताप, डोके व अंग ठणकणे, उलट्या, डोळे लाल होणे आणि पुढे रक्तस्राव ही लक्षणे. मृत्यूचे प्रमाण १० ते ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ताप आलेल्या गुराख्याने किंवा खाटकाने दवाखान्यात गेल्यावर 'मी जनावरांत काम करतो, गोचीड चावली होती' एवढे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

संशय आला तर पहिल्या दिवशी काय करायचे?

आपल्याकडे 'दोन दिवस बघू, उतरेल' असे म्हणायची सवय आहे. सीमापार रोगात हेच दोन दिवस महागात पडतात. क्रम असा ठेवा :

१. आजारी जनावर वेगळे बांधा. दुसरा गोठा नसेल तर वाडीच्या टोकाला, झाडाखाली बांधले तरी चालेल. त्याची बादली, चारा, दोर वेगळा.

२. घरातल्या एकाच माणसाने त्याचे बघावे, तेही निरोगी जनावरांचे आवरून झाल्यावर, शेवटी. नंतर हातपाय साबणाने धुवावेत.

३. गुरे सामाईक चराईला आणि पाणवठ्यावर सोडणे थांबवा.

४. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. फोन लागत नसेल तर ग्रामपंचायतीत सांगा. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १८००२३३०४१८ आणि फिरत्या दवाखान्यासाठी १९६२.

५. जनावर विकू नका, कुणाला देऊ नका. मेले तर नदीत, ओढ्यात, खाडीत किंवा उघड्यावर टाकू नका. वस्ती आणि पाणवठ्यापासून दूर सुमारे ८ फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

६. गोठा स्वच्छ करून २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराईट किंवा २ टक्के फिनॉलने फवारावा. शेणाचा ढीग झाकावा, डबकी बुजवावीत. गोचीडनाशक औषध डॉक्टरांना विचारूनच आणि सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. गोचीड बोटांनी चिरडू नये.

कळवणे ही नुसती सूचना नाही, तो कायदा आहे. 'प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २००९' नुसार, अनुसूचीतल्या रोगाचा संशय आला तर मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावपातळीवरच्या अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे आणि त्यांनी ते पशुवैद्यकांपर्यंत पोहोचवायचे असते.

कळवल्यावर पुढे काय होते?

पशुवैद्यक जनावर तपासून नमुने घेतात. ते पुण्यात औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत जातात. बर्ड फ्लूचे अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. रोग सिद्ध झाला की तो भाग नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. मग तिथले गुरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शने, शर्यती आणि जनावरांची ने-आण थांबते. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीसाठी अख्खे राज्यच नियंत्रित क्षेत्र झाले होते.

लम्पीत बाधित गावाभोवती ५ किलोमीटरपर्यंतच्या निरोगी गाई-बैलांना लस देतात, म्हणजे आगीभोवती गवत कापून पट्टा काढावा तसे. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. पुढे राज्यातल्या सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैलांसाठी मोफत लसीकरणाची मोहीम चालली. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. त्या काळात रोग झाला तर 'लसीनेच झाला' असा गैरसमज होतो. लस घेतल्यावर एक-दोन दिवस कणकण किंवा टोचल्या जागी सूज येणे नेहमीचे आहे.

बर्ड फ्लूमध्ये पद्धत कठोर असते. केंद्रापासून १ किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारून पुरतात आणि १० किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत कोंबड्या मेल्या, तेव्हा असेच करण्यात आले.

लोक लपवतात, त्याचे काय?

आजार कळवला तर बाजार बंद, दूध कुणी घेत नाही, कोंबड्या मारतात, शेजारी बोट दाखवतात. ही भीती खोटी नाही. चार शेळ्या म्हणजे ज्या घराची बँक, त्या घराने ती बँक स्वतःहून बंद करावी, असे आपण म्हणत असतो. म्हणून भरपाईचा भाग समजून घेणे गरजेचे आहे.

बर्ड फ्लूमध्ये शासनाने मारलेल्या पक्ष्यांची ठरलेल्या दराने भरपाई मिळते. कळवण्याआधी आपोआप मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. म्हणजे जितके लवकर कळवाल, तितका तोटा कमी. लम्पीने मेलेल्या जनावरांसाठी राज्याने २०२२ मध्ये दुधाळ गाईला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली होती. अशा मदतीसाठी पंचनामा लागतो. परस्पर पुरून टाकलेल्या बैलाचा पंचनामा कुठून होणार? जनावराच्या कानातला १२ अंकी बिल्ला हीच त्याची ओळख, तेव्हा 'कान दुखेल' म्हणून बिल्ला टाळू नये.

प्रशासनाकडूनही अपेक्षा रास्त आहेत. दवाखान्यात पद रिकामे असेल, मदतीचे पैसे हंगाम उलटून गेल्यावर येत असतील, पाड्यावर लस पोहोचायच्या आत बर्फ वितळत असेल, तर पुढच्या वेळी कुणी फोन करणार नाही. रोगनियंत्रणाची साखळी त्या पहिल्या फोनवर उभी आहे, आणि तो फोन विश्वासावर.

नवे जनावर घेताना

रोग गोठ्यात शिरायचे एक मोठे दार म्हणजे नवी खरेदी. स्वस्तात मिळणाऱ्या जनावराबद्दल दोनदा विचार करा; रोगाची कुजबुज सुरू झालेल्या भागातून गुरे घाईने आणि कमी भावात विकली जातात. कानात बिल्ला आहे का, लस कधी टोचली, हे विचारा. अंगावरून हात फिरवून गाठी, तोंड उघडून फोड, खूर उचलून जखमा बघा. कानामागे, शेपटीखाली, कासेजवळ गोचीड तपासा. घरी आणल्यावर २८ दिवस वेगळे बांधा. लम्पीची लक्षणे दिसायला तेवढा काळ लागू शकतो, म्हणून हा आकडा.

लसींचे वेळापत्रकही लक्षात ठेवा. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, केंद्राच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळते. लम्पीची लस वर्षातून एकदा. गाठी आलेल्या जनावराला लस टोचून घेण्याचा आग्रह धरू नये. लस निरोगी जनावरासाठी असते. लस टोचणारा येणार त्या दिवशी गुरे रानात सोडू नका. पाड्यावरची दहा गुरे लसीविना राहिली, तर रोगाला तेवढी जागा पुरते.

हे शक्य आहे का?

बुळकांडीचे उदाहरण समोर आहे. ज्या रोगाने शतकानुशतके गावेच्या गावे गुरांविना केली, त्याचा भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला. २००६ मध्ये देश रोगमुक्त ठरला आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून तो रोग संपल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर जगातून हद्दपार झालेला हा दुसराच रोग. पशुरोगांवर संशोधन करणारी देशातली पहिली सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली होती. तिथून पुढे मुक्तेश्वरला आणि इज्जतनगरला तिचा विस्तार झाला.

पण बुळकांडी संपली ती केवळ प्रयोगशाळेमुळे नाही. लस टोचणारे गावोगाव फिरले, आणि शेवटच्या टप्प्यात तर 'कुठे गुरे मेली का' हे घरोघरी विचारत हिंडले. गुराख्याने सांगितलेली खबर तपासली गेली, म्हणून उरलेसुरले ठिपके सापडले. आजही तलासरीच्या हद्दीवरच्या पाड्यात किंवा बोईसरच्या चाळीमागच्या गोठ्यात पहिली गाठ दिसते ती मालकालाच. पशुवैद्यकाला ती त्यानंतरच कळते. ती गाठ दिसली, की वर दिलेल्या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा.